पॅकेजरचं नवं व्हर्जन: जुनं काढण्याआधी काय काय तपासायचं

पॅकेजर, म्हणजे व्हिडिओचे प्लेअरला देण्याजोगे तुकडे (सेगमेंट) करणारा प्रोग्राम, सर्व्हरवर असा असतो, की तो बिघडला तर आधी प्रेक्षकाला कळतं आणि मग तुम्हाला. कमांड दिली, एरर आली नाही, फोल्डरमध्ये सेगमेंट पडले, लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये व्हिडिओही सुरू झाला. तिकडे मात्र कुणाच्या आयफोनवर नुसता काळा पडदा, कुणाच्या टीव्हीवर दर चार सेकंदांनी आवाजात बारीक ‘टक्’. म्हणून एफएफएमपेग, जीपॅक किंवा शाका पॅकेजरचं नवं व्हर्जन घेताना ‘प्रोग्राम चालतो का’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. त्याने तयार केलेल्या फायली जुन्या फायलींपेक्षा नेमक्या कुठे वेगळ्या आहेत, ते शोधायचं. हा सगळा लेख त्या शोधाचा आहे.

क्लासची लेक्चरं, नाट्यसंस्थेची रेकॉर्डिंग किंवा देवस्थानचं लाइव्ह दर्शन स्वतःच्या सर्व्हरवरून दाखवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. टर्मिनलची सवय आहे असं धरून चालतो. पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. स्पेलिंगसाठी त्या-त्या प्रोग्रामचं हेल्प उघडावं.

आधी थोडक्यात: कोण काय करतं

एन्कोडर चित्र आणि आवाज दाबून लहान करतो. पॅकेजर त्या दाबलेल्या डेटाला हात न लावता त्याचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर वेळेचे शिक्के मारतो आणि प्लेअरला वाचायला एक यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, लिहून देतो. एफएफएमपेग दोन्ही कामं करतो. शाका पॅकेजर हे गूगलमधून आलेलं साधन फक्त पॅकेजिंग करतं. जीपॅक हा पॅरिसच्या टेलिकॉम पॅरिस या संस्थेत वाढलेला प्रकल्प. २००३ पासून तो मुक्त परवान्याखाली आहे आणि त्यातला एमपी४बॉक्स बहुतेकांनी कधी ना कधी वापरलेला असतो. जीपॅक १.० मध्ये, २०२० साली, आतली रचना पूर्ण बदलून फिल्टरांच्या साखळीवर नेली गेली. त्यामुळे त्याआधीच्या व्हर्जनवरून थेट आजच्या व्हर्जनवर उडी मारणाऱ्यांनी याला अपडेट न समजता नवं साधन बसवतोय असंच समजावं.

तुकड्यांतून व्हिडिओ पाठवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत: ॲपलचं एचएलएस २००९ चं, डॅशचं आयएसओ मानक २०१२ चं. २०१६ मध्ये ॲपलने एचएलएसमध्ये तुकड्यांचा एमपी४ चालेल असं जाहीर केलं आणि मग सीमॅफ या मानकामुळे सेगमेंटचा एकच संच दोघांना पुरू लागला. आज नवं काही उभारत असाल तर तसंच करा: सेगमेंट एकदाच, मॅनिफेस्ट दोन. जीपॅक आणि शाका दोघंही एकाच फेरीत दोन्ही मॅनिफेस्ट लिहितात.

पायरी १: रिलीज नोट्स उलट्या बाजूने वाचा

रिलीज नोट्समध्ये वरच्या ओळी नव्या सुविधांच्या असतात. त्या नंतर वाचा. आधी ‘काढून टाकलं’, ‘डीफॉल्ट बदललं’ आणि ‘यापुढे वापरू नका’ अशा अर्थाच्या ओळी शोधा.

एक खरं उदाहरण घेऊ. एफएफएमपेग ७.० एप्रिल २०२४ मध्ये आलं. बातमी झाली ती कमांड-लाइन प्रोग्राम आतून मल्टिथ्रेडेड झाल्याची, म्हणजे डिकोडर, फिल्टर, एन्कोडर समांतर चालण्याची. पण त्याच चेंजलॉगमध्ये एक छोटी ओळ होती: ‘पीएसएनआर’ आणि ‘मॅप-चॅनल’ हे जुने पर्याय काढून टाकले आहेत. आपल्याकडे क्लासच्या रेकॉर्डिंगमध्ये सरांचा कॉलर माइक बऱ्याचदा फक्त डाव्या चॅनलवर असतो आणि उजवा चॅनल मुका. तो डावा चॅनल उचलण्यासाठी इंटरनेटवरून घेतलेल्या कितीतरी जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘मॅप-चॅनल’ बसलेला आहे. ७.० वर ती स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. हे बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. उपाय सोपा आहे: ऑडिओचा ‘पॅन’ फिल्टर वापरून पहिल्या चॅनलचा मोनो करा. हा फिल्टर जुन्या व्हर्जनमध्येही चालतो, म्हणून स्क्रिप्ट अपडेटच्या आधीच बदलून ठेवता येते.

तसंच ‘व्ही-सिंक’चं. ५.१ पासून त्याच्या जागी ‘एफपीएस-मोड’ आला आहे. जुना पर्याय नुसती पिवळी वॉर्निंग देत राहतो आणि आपण ती वर्षानुवर्षं दुर्लक्षित करतो. माझा आग्रह असा, की सध्या चालू असलेल्या व्हर्जनवर एकदा पूर्ण काम चालवून सगळ्या वॉर्निंग एका फायलीत काढाव्यात. पुढच्या व्हर्जनला काय मोडणार आहे, याची अर्धी यादी तिथेच मिळते.

आकड्यांचाही अर्थ लावायला शिका. एफएफएमपेगमध्ये ७.१.१ सारखा तिसरा आकडा म्हणजे त्याच शाखेतल्या दुरुस्त्या. तो सहसा निर्धास्त घ्यावा. जीपॅकमध्ये २.०, २.२, २.४ ही सम आकड्यांची व्हर्जन रिलीज म्हणून आली, तर २.३ किंवा २.५ असं विषम दिसलं आणि पुढे ‘डेव्ह’ असलं तर ती चालू विकासाची बिल्ड असते. कुणी ‘सगळ्यात नवं’ म्हणून ती बसवून दिली असेल, तर तुमच्या सर्व्हरवर दुसऱ्याचा प्रयोग चालू आहे. शाका पॅकेजर ३.० मध्ये, २०२४ साली, बिल्ड करण्याची जुनी पद्धत जाऊन सीमेक आलं. तयार बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) घेणाऱ्यांना याचं सोयरसुतक नाही; सोर्समधून बांधणाऱ्यांनी मात्र जुनी बिल्ड-स्क्रिप्ट विसरावी.

आता नव्या सुविधा. एफएफएमपेग ८.० ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात व्हिस्परचा फिल्टर आहे: आवाज ऐकून सबटायटल काढणारा. व्हिस्परच्या भाषांमध्ये मराठी आहे, म्हणून आपल्याला मोह होणारच. पण तो फिल्टर चालायला एफएफएमपेग बांधतानाच व्हिस्पर डॉट सीपीपी जोडलेलं असावं लागतं आणि मॉडेलची फाइल वेगळी उतरवावी लागते. शिवाय मराठी मजकूर माणसाने वाचल्याशिवाय लोकांसमोर ठेवू नये. एवढ्यासाठी अख्खी पॅकेजिंगची यंत्रणा ८.० वर नेण्याची गरज नाही. सबटायटलसाठी ८.० वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि बाकी काम आहे त्यावर चालू द्या.

पायरी २: नवं बसवा, जुनं तसंच ठेवा

सर्व्हरच्या पॅकेज मॅनेजरने अपडेट करणं हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट मार्ग. एक तर त्यातून हवं ते व्हर्जन मिळेलच असं नाही: उबुंटू २२.०४ मध्ये एफएफएमपेग ४.४ आहे, २४.०४ मध्ये ६.१, डेबियन १२ मध्ये ५.१ आणि डेबियन १३ मध्ये ७.१. दुसरं म्हणजे नवं आलं की जुनं पुसलं जातं. आपल्याला तर दोन्ही एकाच वेळी हवीत.

म्हणून प्रत्येक व्हर्जनचं स्वतंत्र फोल्डर करा, नावातच साधन आणि आकडा येऊ द्या, आणि स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा. नुसतं ‘एफएफएमपेग’ लिहून सिस्टिम जे देईल ते घेऊ नका. डॉकर (प्रोग्राम तयार डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल तर ‘लेटेस्ट’ हा टॅग स्क्रिप्टमध्ये कधीच नको. एका मध्यरात्री सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि तुम्ही न मागितलेलं व्हर्जन चालू लागतं. टॅगमध्ये व्हर्जनचा आकडा लिहा, जमलं तर इमेजचा डायजेस्टच, म्हणजे तिचा न बदलणारा ठसा, लिहा.

एफएफएमपेगचा प्रकल्प स्वतः फक्त सोर्स देतो. विंडोज, लिनक्सच्या तयार बायनरी इतर लोक बांधतात आणि प्रकल्पाच्या डाउनलोड पानावर त्यांचे दुवे असतात. त्यामुळे ‘७.१’ असं एकच नाव असलेल्या दोन बायनरींमध्ये वेगवेगळे एन्कोडर असू शकतात. जुन्या आणि नव्या बायनरीला ‘व्हर्जन’ विचारा आणि कॉन्फिगरेशनची ती लांबलचक ओळ शेजारी-शेजारी ठेवा. एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर दोन्हीकडे आहे ना? एफडीके-एएसी जुन्यात होता आणि नव्यात नाही, असं तर नाही? हा एएसी प्रकारच्या आवाजाचा एन्कोडर जीपीएल परवान्याच्या कोडसोबत जोडला की ती बायनरी इतरांना वाटता येत नाही, म्हणून तयार बिल्डमध्ये तो नसतो. आवाजाचा पोत अचानक बदलल्याच्या तक्रारी इथून सुरू होतात.

पायरी ३: नमुन्याच्या फायली निवडा

चाचणीसाठी इंटरनेटवरचा तो ठरलेला ससा (‘बिग बक बनी’ हा कार्टूनपट) किंवा एखादा गुळगुळीत ट्रेलर घेऊ नका. त्यात काहीच बिघडत नाही. तुमच्याकडचं सगळ्यात वाईट साहित्य घ्या.

फोनवर काढलेला एक व्हिडिओ हवाच, कारण फोनचा फ्रेम-रेट स्थिर नसतो. प्रकाश कमी झाला की तो हळूच खाली येतो. एका बाजूलाच आवाज असलेलं एक लेक्चर. एक एच.२६५ ची फाइल, कारण नवे फोन तसंच रेकॉर्ड करतात. दोन-अडीच तासांचं एखादं नाटक, कारण लांबी वाढली की वेळेच्या चुका साठत जातात. आणि मराठी सबटायटल असलेली एक फाइल.

या शेवटच्या नमुन्याबद्दल थोडं जास्त. वेबव्हीटीटी सबटायटल युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्येच असावी लागतात. आपल्याकडे अजूनही डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर येतो. तो फॉन्ट लावून पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा चिवडा असतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मग एसआरटी या सबटायटलच्या जुन्या प्रकारातून व्हीटीटी करताना मिलिसेकंदाआधीचा स्वल्पविराम जाऊन टिंब आलं का ते बघा. आणि नमुन्यात जोडाक्षरं, रफार, ‘ऱ्या’ असलेले शब्द मुद्दाम ठेवा. टीव्हीच्या प्लेअरची खरी परीक्षा तिथे होते.

पायरी ४: कच्चा माल एकसारखा करा

दोन पॅकेजरांची तुलना करायची तर दोघांना तंतोतंत एकच एन्कोड केलेली फाइल द्यायला हवी. एन्कोडिंग एकदाच, जुन्या व्हर्जनने करा. आणि ते करताना की-फ्रेमची (आधीच्या चित्रांवर न विसंबता एकटी उघडणारी फ्रेम) शिस्त लावा, कारण सेगमेंट फक्त की-फ्रेमवरच कापता येतो.

एक्स२६४ आपल्या मनाने चालला तर दृश्य बदललं की की-फ्रेम टाकतो आणि काहीच बदललं नाही तर २५० फ्रेमपर्यंत टाकतच नाही. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे १० सेकंद झाले. फळ्यासमोर उभ्या सरांच्या व्हिडिओत दृश्य बदलतच नाही, म्हणजे सेगमेंट भलतेच लांब. म्हणून सीन-कट बंद करा आणि की-फ्रेमचं अंतर पक्कं बांधा. ३६०पी, ७२०पी अशा सगळ्या दर्जांत की-फ्रेम त्याच जागी पडल्या पाहिजेत, नाहीतर नेटवर्क बदललं की प्लेअर अडखळतो.

अंतर किती? बहुतेक मार्गदर्शक २ किंवा ४ सेकंद सांगतात. मी ३.८४ सेकंद सांगेन, आणि कारण साध्या गणिताचं आहे. एएसीची एक फ्रेम १०२४ सॅम्पलची (आवाजाच्या सुट्या मापांची) असते. ४८,००० सॅम्पल प्रति सेकंद या दराने ४ सेकंदांत १८७.५ फ्रेम येतात. अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून पॅकेजर आवाजाचा एक तुकडा जरा लांब, पुढचा जरा आखूड करतो. ३.८४ सेकंदांत मात्र आवाजाच्या बरोबर १८० फ्रेम आणि २५ च्या दराने चित्राच्या बरोबर ९६ फ्रेम बसतात. दोन्ही एकाच रेषेवर कापले जातात. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर हाच हिशोब ३.२ सेकंदांना जुळतो: चित्राच्या ९६, आवाजाच्या १५०. तुलना करताना याचा मोठा फायदा होतो, कारण कुठलाही सेगमेंट या मापाबाहेर गेला की तो लगेच डोळ्यांत येतो.

फोनचा ३० चा व्हिडिओ २५ वर आणायच्या भानगडीत पडू नका, हालचाल तुटक दिसते. स्थिर ३० करा आणि पुढे जा.

दर्जांचा विचार करताना प्रेक्षकाच्या डेटा पॅकचाही करा. २ मेगाबिटचा एक तास म्हणजे ९०० एमबी. रोजच्या १.५ जीबीतून त्या विद्यार्थ्याच्या हाती काय उरणार? ३६०पी ला ५००-६०० किलोबिटांचा एक दर्जा ठेवाच. फळ्यावरचं अक्षर वाचता येतंय एवढं पाहून तो ठरवा.

पायरी ५: दोन्हींनी पॅक करा आणि फरक काढा

हाच या कामाचा गाभा. जुनं आणि नवं, दोन वेगळ्या फोल्डरांत, त्याच पर्यायांनी चालवा. मग फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, यालाच हॅशही म्हणतात) ताडून पाहावेसे वाटतील, आणि ते जुळणार नाहीत. घाबरू नका. एमपी४ मध्ये फाइल कधी बनली ते लिहिलेलं असतं (१९०४ च्या १ जानेवारीपासून मोजलेल्या सेकंदांत, ही त्या फॉरमॅटची जुनी खोड), आणि बनवणाऱ्या साधनाचं नाव-व्हर्जनही असतं. एवढ्यानेच चेकसम बदलतो. फाइलच्या पातळीवर न पाहता आत शिरावं लागतं, तीन थरांत.

पहिला थर डेटाचा. एफएफएमपेगमध्ये ‘फ्रेम-एमडी५’ नावाचा आउटपुट प्रकार आहे. कोडेक ‘कॉपी’वर ठेवून आपल्या आउटपुटचं मॅनिफेस्ट त्याला खायला द्या, प्रत्येक फ्रेमसाठी तो एक ओळ लिहितो: वेळ, कालावधी, आकार आणि हॅश. जुन्या-नव्याच्या अशा दोन याद्या काढून ‘डिफ’ करा. फक्त लक्षात ठेवा, दोन्ही याद्या एकाच एफएफएमपेगने काढायच्या. मापायची फुटपट्टी बदलली तर मापाला अर्थ नाही.

पॅकेजर डेटाला हात लावत नाही, म्हणून हॅशचा स्तंभ जुळलाच पाहिजे. न जुळल्यास बहुतेक वेळा असं दिसेल: फक्त प्रत्येक सेगमेंटच्या पहिल्या फ्रेमचा आकार थोड्या बाइटांनी वाढलेला, बाकी सगळं तेच. याचा अर्थ नव्या व्हर्जनने किंवा नव्या पर्यायाने डिकोडरची माहिती इनिट सेगमेंटमधून (प्लेअर सगळ्यात आधी वाचतो त्या तुकड्यातून) काढून प्रत्येक सेगमेंटच्या आत घातली आहे. मॅनिफेस्ट उघडा, कोडेकचं नाव ‘एव्हीसी१’ वरून ‘एव्हीसी३’ झालेलं सापडेल. जीपॅकमध्ये हे बिटस्ट्रीम-स्विचिंगच्या पर्यायाशी बांधलेलं आहे आणि डॅशचं प्रोफाइल बदललं की त्याचं डीफॉल्टही बदलतं. नव्या ब्राउझरांना दोन्ही चालतं. जुन्या टीव्हीचा भरवसा नाही, म्हणून जे चालत होतं तेच पर्याय देऊन पक्कं करा.

एच.२६५ ला याचाच भाऊ भेटतो. एफएफएमपेग एमपी४ मध्ये त्याला आपणहून ‘एचईव्ही१’ हा टॅग लावतो. ॲपलच्या प्लेअरला ‘एचव्हीसी१’ लागतो. काळ्या पडद्याचं हे नेहमीचं कारण. टॅग स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा.

दुसरा थर वेळेचा. यादीतले वेळेचे स्तंभ बघा. इथे फरक दिसला तर आधी टाइमस्केल, म्हणजे सेकंदाचे किती भाग केलेत ते, तपासा. २५ फ्रेमच्या व्हिडिओला एफएफएमपेग सेकंदाचे १२,८०० भाग करतो, म्हणजे ३.८४ सेकंद त्याच्या भाषेत ४९,१५२ होतात. दुसरं साधन ९०,००० भाग करत असेल तर आकडे वेगळे, पण वेळ तीच. सगळं सेकंदांत आणून मगच तुलना करा.

तरीही फरक उरला तर एडिट लिस्ट बघा. एएसी एन्कोडर सुरुवातीला १०२४ किंवा त्याहून जास्त सॅम्पलची रिकामी गादी घालतो. चित्रातल्या बी-फ्रेममुळे (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणाऱ्या) पहिली फ्रेम दोन जागा मागे सरकते, म्हणजे २५ च्या दराने ८० मिलिसेकंद. ही सूट प्लेअरला एडिट लिस्टमधून कळते. जुनं व्हर्जन ती लिहीत होतं आणि नवं लिहीत नाही (किंवा उलट), तर आवाज आणि ओठ यांच्यात फट पडते. २० मिलिसेकंद कुणाला कळत नाहीत. ८० मात्र नाटकातल्या संवादात खटकतात, आणि तबल्याच्या थापेवर तर लगेच.

तिसरा थर बॉक्सचा, म्हणजे एमपी४ फाइलच्या आतल्या कप्प्यांचा. एमपी४बॉक्सचा ‘डी-आयएसओ’ पर्याय फाइलमधल्या सगळ्या बॉक्सची एक्सएमएल यादी काढतो. बेंटो४ मधला ‘एमपी४-डंप’ही तेच करतो. सगळं वाचायची गरज नाही. तीन जागा बघा.

‘टीएफडीटी’ बॉक्समध्ये सेगमेंटची सुरुवातीची वेळ असते. तिचं व्हर्जन ० असेल तर ती ३२ बिटांत मावावी लागते, आणि ९०,००० च्या टाइमस्केलला ३२ बिट साधारण १३ तास १५ मिनिटांत भरतात. तासाभराच्या व्हिडिओला काहीच धोका नाही. पण अहोरात्र चालणारं लाइव्ह दर्शन सकाळी सहाला सुरू केलं, तर रात्री सव्वासातच्या सुमारास, नेमकं आरतीच्या गर्दीत, कोलमडेल. व्हर्जन १, म्हणजे ६४ बिट, आहे याची खात्री करा.

भाषेची जागाही तपासा. एमपी४ मध्ये भाषा तीन अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला पाच बिट, मराठीसाठी ‘एम-ए-आर’. मॅनिफेस्टमध्ये मात्र दोन अक्षरी ‘एम-आर’ हवं. एखाद्या व्हर्जनमध्ये हे रूपांतर चुकलं, तर प्लेअरच्या मेन्यूत ‘मराठी’ऐवजी ‘अज्ञात’ दिसतं आणि लोक कळवतात की सबटायटल गेली. एचएलएसच्या प्लेलिस्टमध्ये नाव देवनागरीत ‘मराठी’ असंच लिहिता येतं, जरूर लिहा.

एनक्रिप्शन वापरत असाल तर योजनेचं नावही बघा: ‘सेंक’ की ‘सीबीसीएस’. ॲपलच्या फेअरप्लेला ‘सीबीसीएस’च लागतं.

शेवटी दोन्ही मॅनिफेस्ट नुसत्या डोळ्यांनी वाचा. एचएलएसमध्ये टार्गेट ड्युरेशनचा नियम आहे: कुठलाही सेगमेंट जवळच्या पूर्णांकात आणल्यावर त्याहून मोठा नसावा. ३.८४ चे ४ होतात, ठीक. मध्ये एखादी की-फ्रेम हरवून ७.६८ चा सेगमेंट बनला तर ८ होतात. आणि आयफोन अशा प्लेलिस्टवर कसा वागेल ते सांगता येत नाही. मॅक असेल तर ॲपलचा मीडिया-स्ट्रीम-व्हॅलिडेटर चालवा. डॅशसाठी डॅश इंडस्ट्री फोरमचं कन्फॉर्मन्स साधन आहे.

पायरी ६: खऱ्या उपकरणांवर

व्हॅलिडेटर पास म्हणजे चाललंच असं नाही. एक आयफोन, एक स्वस्तातला अँड्रॉइड, एक जुना स्मार्ट टीव्ही आणि डेस्कटॉपवर एचएलएस डॉट जेएस किंवा शाका प्लेअर. प्रत्येकावर सुरुवात बघा, मध्येच उडी मारा, दर्जा हाताने बदला, सबटायटल चालू-बंद करा, आणि शेवटची दहा सेकंदं बघायला विसरू नका. शेवटचा सेगमेंट अपुऱ्या लांबीचा असतो. नव्या व्हर्जनच्या खोड्या तिथे दडून बसतात.

पायरी ७: लोकांसमोर आणताना

नव्या व्हर्जनचं आउटपुट जुन्या फोल्डरावर कधीही ओतू नका. सीडीएन (प्रेक्षकाच्या जवळून फायली पुरवणारे सर्व्हर) आणि ब्राउझर सेगमेंट दीर्घकाळ साठवून ठेवतात. नावं तीच राहिली तर एखाद्याला इनिट सेगमेंट जुना आणि पुढचे सेगमेंट नवे मिळतात, आणि डिकोडर हात वर करतो. ही तक्रार तुमच्याकडे पुन्हा घडवता येत नाही, कारण तुमच्या कॅशमध्ये सगळं नवंच असतं. म्हणून प्रत्येक पॅकिंगला नवं फोल्डर, आणि वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये फक्त मॅनिफेस्टचा पत्ता बदला. मागे फिरायचं असेल तर तोच पत्ता पुन्हा जुना करा, काम संपलं. कॅशचा काळ व्हिडिओच्या सेगमेंटला लांब आणि मॅनिफेस्टला छोटा ठेवा.

जुने सेगमेंट लगेच पुसू नका; पत्ता बदलण्याआधी व्हिडिओ सुरू केलेला माणूस अजून जुन्याच यादीवर चालला आहे. आठवडाभर ठेवा.

आणि जुना सगळा संग्रह नव्या व्हर्जनने पुन्हा पॅक करायचा उत्साह आवरा. चालणारे व्हिडिओ चालू द्या. नवं व्हर्जन नव्या व्हिडिओंसाठी.

लाइव्हचं वेगळं

चालू प्रक्षेपणात पॅकेजर बदलू नका. तो पुन्हा सुरू झाला की एचएलएसमधला सेगमेंटचा क्रमांक शून्यावर येऊ शकतो आणि बघणारे प्लेअर गोंधळतात. डॅशमध्ये सगळा हिशोब घड्याळावर असतो. सर्व्हरची वेळ एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने) लावलेली नसेल तर प्लेअर अजून न बनलेला सेगमेंट मागत बसतो. दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळेत बदला, आधी एक दिवस वेगळ्या पत्त्यावर समांतर चालवून. गणेशोत्सव, परीक्षेआधीचा महिना, नाट्यमहोत्सव या काळात व्हर्जनला हातच लावायचा नाही, असा नियम कॅलेंडरवरच लिहून टाका.

त्या नियमाला एकच अपवाद. तुम्ही बाहेरच्यांच्या फायली स्वीकारत असाल, म्हणजे विद्यार्थी किंवा सभासद व्हिडिओ अपलोड करतात, तर त्या उघडून वाचणारा कोड, म्हणजे पार्सर, हल्ल्याच्या तोंडावर उभा असतो. मुद्दाम बिघडवलेली एमपी४ फाइल देऊन प्रोग्राम पाडणं किंवा त्याहून वाईट काही करणं शक्य असतं, आणि जीपॅक, एफएफएमपेग दोन्हींमध्ये अशा त्रुटी नियमित सापडतात आणि दुरुस्त होतात. सुरक्षेची दुरुस्ती आली की उत्सव असो वा नसो, अपलोड उघडणारी बायनरी त्याच दिवशी बदला. फक्त तीच. अपलोड तपासणारी आणि शेवटचं पॅकिंग करणारी बायनरी पहिल्यापासून वेगळी ठेवली असेल, तपासणारी कंटेनरमध्ये, नेटवर्कशिवाय, मर्यादित परवानग्यांवर चालत असेल, तर हा बदल दहा मिनिटांचा आहे आणि प्रेक्षकाच्या एकाही सेगमेंटला धक्का लागत नाही.